तगर कोठे? : तेरढोकीच्या एका जुन्या वादाविषयी

तेर आणि ढोकी ही धाराशिव जिल्ह्यातील दोन वेगळी गावे. परंतु वारकऱ्यांच्या बोलण्यात ती बहुधा जोडनावानेच येतात. गोरोबाकाकांचे गाव कोणते, असे विचारले की उत्तर मिळते, तेरढोकी. ढोकी हे लातूर-बार्शी रस्त्यावरचे, रेल्वेचे स्थानक असलेले आणि तेरणा सहकारी साखर कारखान्यामुळे महाराष्ट्रास परिचित झालेले गाव. तेर तेथून काही कोसांवर, तेरणेच्या काठी. या जोडनावातील पहिल्या गावाविषयी विद्वानांमध्ये शंभराहून अधिक वर्षे एक वाद चालला होता, आणि त्यातील बहुतेक काळ आपण कोणत्या गावाविषयी भांडत आहोत हेच वाद घालणाऱ्यांना माहीत नव्हते. त्या वादाची हकीगत येथे सांगण्याचा विचार आहे.

वाद या शब्दास आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा उरलेली नाही. 'उगाच वाद नको' हे आपले आवडते वाक्य आहे, आणि ते म्हणत म्हणतच आपण पारावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत आणि रेल्वेच्या डब्यात तासन् तास वाद घालत असतो. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईची खरी की विदर्भातील आंभोऱ्याची, अमुक देऊळ मुळात कोणाचे, तमुक गावाचे जुने नाव काय, हे आपले नित्याचे विषय. न्यायशास्त्राने मात्र या व्यवहाराचा बारकाईने विचार केलेला होता. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व समजावे म्हणून प्रमाण व तर्क यांच्या आधारे केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी, प्रसंगी छल करूनही, केलेली चर्चा तो जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करीत राहणे ती वितंडा. आजच्या मराठीत या तिन्हींना आपण सरसकट वादच म्हणतो. मूळ अर्थाने ज्यास वाद म्हणावे अशी उदाहरणे आपल्या इतिहाससंशोधनात आहेत, आणि तगरचा प्रश्न हे त्यांपैकी एक चांगले उदाहरण होय.

प्रश्न उभा राहिला तो दोन साधनांमुळे. पहिले साधन ग्रीक. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास कोणा अनामिक, ग्रीक लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक माहितीपुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. तीत बारिगाझा, म्हणजे भडोच, या बंदराच्या मागील मुलुखातील दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख येतो. एक पैठण, भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर. आणि दुसरे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील फार मोठे शहर, तगर. या शहरांतून माल गाड्यांवर लादून, नीट रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून भडोचला येई. पैठणहून अकीक येत, तर तगरहून जाडेभरडे कापड आणि नाना तऱ्हेच्या तलम मलमली. समुद्रकाठच्या प्रदेशांतून तगरला आलेला मालही तेथून पुढे जात असे. टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे, मात्र तो त्यास पैठणच्या ईशान्येस दाखवतो.

दुसरे साधन आपल्याच घरचे. शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवतात. यांपैकी एकाचे राज्य ठाण्याकडे, दुसऱ्याचे कोल्हापुराकडे. तगर त्यांच्या ताब्यात असल्याचे कोठे दिसत नाही. आपले मूळ गाव कोणते, हे सांगण्यासाठी ते हे बिरुद मिरवीत असावेत. मुंबईत तीन पिढ्या काढूनही आडनावातून गावाचे नाव न पुसणाऱ्या कुटुंबांना ही वृत्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना दगडी पेटीत ठेवलेला एक ताम्रपट सापडला. शिलाहार राजा अरिकेसरी याचा हा ताम्रपट शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या 'एशियाटिक रिसर्चेस' या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात त्याचे भाषांतर प्रसिद्ध झाले आणि त्याच खंडात फ्रान्सिस विल्फर्ड या लेफ्टनंटाने तगर शहरावर एक टिपण लिहिले. ताम्रपटातील तगर आणि ग्रीकांचे तगर एकच, आणि ते म्हणजे देवगिरी, असे त्याने सुचवले. वादास तोंड फुटले ते येथे.

पुढील शंभर वर्षांत या प्रश्नाला किती उत्तरे मिळाली हे पाहिले तर आश्चर्य वाटते. ग्रँट डफने गोदावरीच्या परिसरात, बीडच्या बाजूस बोट दाखवले. बर्जेसला देवगिरीनजीकचे रोझा, म्हणजे खुलताबाद, हे तगर वाटले. पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवले. त्यांची कल्पना अशी की तगर हे 'त्रिगिरि' या शब्दाचे रूप असावे, आणि जुन्नरभोवती शिवनेरी, लेण्याद्री व मानमोडी हे डोंगर उभे आहेतच. जुन्नरची लेणी, नाणेघाटातून कोकणात उतरणारी वाट आणि तेथील शिलालेख पाहिलेल्या माणसास ही कल्पना सुचावी यात नवल नाही. १८८४ साली 'अर्ली हिस्टरी ऑफ द डेक्कन' लिहिताना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी या मतांचा परामर्श घेतला. त्यांचा जुन्नरवरील आक्षेप साधा होता. ग्रीक लेखक तगर पैठणच्या पूर्वेस सांगतो, जुन्नर पश्चिमेस आहे. त्यांनी स्वतः निजामाच्या मुलुखातील धारूर सुचवले.

ही नावे नुसती वाचली तर ज्याला जे गाव ठाऊक, त्याने ते सुचवले असे वाटण्याचा संभव आहे. काही अंशी ते खरेही आहे. विद्वान माणसासही आपण पाहिलेली जागाच प्रथम आठवते. तरीही या वादात एक गोष्ट होती, जी आपल्या नेहमीच्या वादांत क्वचितच आढळते. उत्तर तपासायचे कशावर, याबद्दल सर्वांचे हळूहळू एकमत होत होते. विल्फर्डच्या काळी नावातील थोडेसे साम्य आणि शहराची ख्याती एवढ्यावर भागत असे. भांडारकरांपर्यंत येता येता दिशा हा मुद्दा टाळता येईनासा झाला. जो कोणी नवे गाव पुढे करील त्याने ते पैठणहून कोणत्या बाजूस आहे, किती अंतरावर आहे आणि तगर या शब्दापासून त्याचे आजचे नाव कसे झाले, या तिन्हींचा जबाब दिला पाहिजे, अशी जणू अटच पडली.

ही कसोटी वाचकासही घरबसल्या लावून पाहता येईल. भडोच ते पैठण हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३५० किलोमीटर भरते. ते वीस दिवसांचे म्हटले तर दिवसाची चाल साडेसतरा किलोमीटरांच्या आसपास पडते. लादलेल्या बैलगाड्या, घाट आणि नद्या ध्यानात घेता प्रत्यक्ष वाट याहून लांब असणार, पण तुलनेसाठी हे माप पुरेसे आहे. याच चालीने दहा दिवसांत सुमारे १७५ किलोमीटर जाता येईल. आता उमेदवार पाहू. देवगिरी पैठणहून अवघ्या ५५ किलोमीटरांवर आणि तीही वायव्येस. म्हणजे अंतर चुकले आणि दिशाही चुकली. जुन्नर सुमारे १५५ किलोमीटरांवर, अंतराने ठीक, परंतु दिशा नेमकी उलटी. धारूर आग्नेयेस, दिशेने चालण्यासारखे. मात्र अंतर शंभराच्या थोडेसेच वर, म्हणजे सहा दिवसांची वाट. आणि तेर? तेही आग्नेयेस, सुमारे १५० किलोमीटरांवर.

तेरचे नाव या वादात निर्णायकपणे आणले ते जॉन फेथफुल फ्लीट यांनी. मुंबई इलाख्यात सनदी नोकरीत आयुष्य घालवलेले आणि गुप्तकालीन लेखांच्या संपादनामुळे ख्याती पावलेले हे पुराभिलेखवेत्ते निवृत्त होऊन इंग्लंडात गेले होते. १९०१ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी तगर म्हणजे तेर हे मत मांडले. अंतराबरोबरच त्यांचा भर होता तो ध्वनींवर. प्राकृतात दोन स्वरांमधला 'ग' झिजतो. तगर, तयर, तेर अशी ती वाट आहे. मराठी वाचकास यासाठी व्याकरणाचे पुस्तक उघडण्याचेही कारण नाही. नगर या शब्दाचे नयर आणि पुढे नेर कसे झाले याच्या खुणा पारनेर, संगमनेर, अमळनेर, पिंपळनेर अशा गावांच्या पाट्यांवर आहेत. नगरचे नेर होते, तर तगरचे तेर व्हावे यात काही ओढूनताणून आणलेले नाही. काही नकाशांत या गावाचे नाव इंग्रजी अक्षरांत 'थैर' असे वाचले जाईल अशा रीतीने छापलेले असे. नकाशा पाहणाऱ्यास ध्वनीचे हे नाते चटकन जाणवले नसेल तर त्याचे एक कारण यातही असावे.

फ्लीट यांच्या मतास नंतर एका अनपेक्षित दिशेने पाठबळ मिळाले. कनकामर मुनींचे 'करकंडचरिउ' हे अकराव्या शतकाच्या सुमाराचे अपभ्रंश काव्य डॉ. हिरालाल जैन यांनी संपादून १९३४ साली प्रसिद्ध केले. त्यात राजा करकंड तेरापूर नावाच्या नगराजवळ येतो, तेथील डोंगरात त्याला पार्श्वनाथाची मूर्ती असलेले लेणे आढळते, आणि तो स्वतः आणखी लेणी करवतो, असे कथानक आहे. हिरालाल जैन यांनी या लेण्यांची सांगड धाराशिवच्या लेण्यांशी घातली. तगरपासून तेरकडे येणाऱ्या वाटेवरचे 'तेरापूर' हे रूप अशा रीतीने एका काव्यात जपलेले निघाले, आणि तेही कवीच्या मनात तगरच्या वादाची चिंता नसताना. ज्या साक्षीदाराला खटल्याची खबरच नाही त्याच्या साक्षीला अधिक मोल असते.

सगळेच जुळले असे मात्र नाही. ग्रीक लेखक पूर्व म्हणतो आणि तेर आग्नेयेस, किंबहुना दक्षिणेकडे अधिक झुकलेले आहे. टॉलेमीची ईशान्य तर कशानेच जुळत नाही. दूरदेशीच्या व्यापाऱ्याने ऐकीव माहितीवर लिहिलेल्या दिशेत एवढी चूक संभवते, असे मानून पुढे जावे लागते. कसोटी लावणे म्हणजे शंभर टक्के जुळवणे असा अर्थ नाही. इतर उमेदवारांहून हा उमेदवार किती अधिक टिकतो ते पाहणे, असा आहे.

येथे एक प्रश्न मनात येतो. तेर नाहीसे झालेले गाव नव्हते. तेथे दर वर्षी गोरोबाकाकांच्या यात्रेस माणसे जमत होती, तेथील त्रिविक्रमाचे देऊळ उभे होते, पांढरीच्या टेकाडांतून पावसाळ्यानंतर मणी आणि खापरे वर येत होती. मग विद्वानांना हे गाव दिसण्यास १९०१ साल का उजाडावे लागले? आमच्या मते याची कारणे बरीचशी व्यावहारिक आहेत. तेर निजामाच्या राज्यात होते. मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांची गॅझेटियरे तपशीलवार निघाली आणि त्या इलाख्यातील लेणी, मंदिरे व लेख विद्वानांच्या रोजच्या पाहण्यातले झाले, तसे निजामाच्या मुलुखाचे त्या काळी झाले नव्हते. भांडारकरांचे धारूरही निजामाच्याच हद्दीत असल्यामुळे हे कारण पुरेसे नाही, हे आम्ही जाणतो. वाहतुकीचाही प्रश्न होता. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली बार्शीपर्यंत आली, पण तिचा फाटा ढोकीच्या मुलुखातून पुढे लातूरपर्यंत पोचायला १९११ साल लागले. त्यापूर्वी येथे मुद्दाम येणारा माणूसच यायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा वाद ज्या नियतकालिकांत चालला ती इंग्रजी होती, कलकत्ता, मुंबई व लंडन येथून निघणारी होती. ज्यांच्या घराच्या भिंतींत सातवाहन काळच्या विटा बसवलेल्या होत्या त्या माणसांस हा वाद चालू आहे हेच ठाऊक नव्हते. त्यांनाही कोणी विचारले नव्हते.

फ्लीट यांच्या लेखानंतर हेन्री कझिन्स हे पुरातत्त्व खात्याचे अधिकारी तेरला आले, आणि त्यांचा सविस्तर वृत्तांत खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात छापला गेला. त्रिविक्रमाचे देऊळ त्यांनी बारकाईने पाहिले. ते विटांचे आहे. मागची बाजू अर्धवर्तुळाकार, छप्पर गजपृष्ठासारखे कमानदार. कार्ले-भाजे येथे डोंगरात खोदलेले चैत्यगृह जसे दिसते तसेच, पण जमिनीवर विटांनी बांधलेले. असे बांधकाम उभ्या स्थितीत देशात फारच थोड्या ठिकाणी उरले आहे. उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची कोरीव लाकडी द्वारशाखाही त्यांच्या नजरेत भरली. पुढे १९५८ साली भा. ना. चापेकर यांनी तेरचे उत्खनन केले आणि त्यानंतरही तेथे अनेक वेळा उत्खनने झाली. सातवाहनकालीन घरे, भाजक्या मातीच्या व केओलिनच्या मूर्ती, रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेली मातीची पदके, मणी, शंखाच्या बांगड्या आणि विटांच्या एका मोठ्या स्तूपाचे अवशेष मिळाले. पेरिप्लसकाराने वर्णिलेले कापड अर्थातच मिळाले नाही. कापूस मातीत दोन हजार वर्षे टिकत नाही. पण रोमशी व्यापार करणारी एक संपन्न पेठ येथे होती याविषयी आता शंका उरली नाही.

पदव्या आणि पदे असलेल्या या माणसांबरोबर तेरच्याच एका रहिवाशाचे नाव घेतले पाहिजे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात सापडणाऱ्या जुन्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. इतरांना ज्या वस्तू टाकाऊ वाटत त्या त्यांनी जपल्या, आणि हजारोंच्या संख्येने जमलेला तो संग्रह पुढे शासनाच्या हाती आला. आज तेरच्या शासकीय संग्रहालयास त्यांचे नाव आहे. विद्वानांच्या वादात त्यांनी पक्ष घेतला नाही, लेख लिहिला नाही. पण ज्या पुराव्यावर पुढच्या विद्वानांनी लेख लिहिले त्यातील मोठा भाग त्यांनी राखला. चर्चेत बोलणाऱ्यांइतकीच गरज अशा माणसांची असते, आणि श्रेय वाटताना नेमके तेच मागे राहतात.

तगरचा प्रश्न अशा रीतीने सुटला. परंतु तेरच्याच परिसरात आणखी दोन प्रश्न आहेत आणि ते तितके सरळ नाहीत. पहिला त्रिविक्रमाच्या देवळाचा. कझिन्स यांच्या मते हे मुळात बौद्ध चैत्यगृह. पुढे त्यात विष्णूची स्थापना झाली आणि समोर मंडप जोडला गेला. आकार पाहता हे मत स्वाभाविक वाटते. त्यावर दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की अर्धवर्तुळाकार गर्भगृह ही केवळ बौद्धांची मिरास नव्हती. आंध्रात नागार्जुनकोंडा येथे याच आकाराची ब्राह्मणी मंदिरेही उत्खननात मिळाली आहेत. दुसरा प्रश्न धाराशिवच्या लेण्यांचा. तेथे जैन मूर्ती आहेत, करकंडाची कथा आहे, आणि बर्जेस यांनी ती लेणी जैन मानली. म. के. ढवळीकर यांनी मात्र मुख्य लेणी मुळात बौद्ध असून नंतर जैनांकडे आली, असा पक्ष मांडला. दोन्ही बाजूंना आधार आहेत.

हे प्रश्न तगरच्या प्रश्नाहून अवघड का, हे पाहण्यासारखे आहे. तगर कोठे, या प्रश्नाचे उत्तर मोजता येत होते. देऊळ मुळात कोणाचे, या प्रश्नात 'मुळात' हा शब्दच निसरडा आहे. जी वास्तू दीड हजार वर्षे उभी आहे तिचे मूळ म्हणजे पहिली वीट, पहिली पूजा, की ज्या पूजेने ती आजवर टिकवली ती? शिवाय तगर हे देवगिरी ठरते की तेर, यावर कोणाचेही घर, मान किंवा उत्पन्न अवलंबून नव्हते. देवळाच्या प्रश्नात 'होते कोणाचे' याच्या मागोमाग 'आहे कोणाचे' हा प्रश्न येऊन उभा राहतो, आणि तो आला की वादाचा जल्प होण्यास वेळ लागत नाही. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा झाली, तेव्हा शिर्डीकरांनी गाव बंद ठेवले. जन्मस्थान हा इतिहासाचा प्रश्न होता. निधी, यात्रा आणि बाजारपेठ त्याला चिकटताच पुराव्याची चर्चा बाजूस पडली. शिर्डीकरांना किंवा पाथरीकरांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्या उत्तरावर पोट अवलंबून आहे ते उत्तर थंडपणे तपासणे कोणासही कठीणच जाते.

तेरढोकीच्या परंपरेत वादाची एक वेगळीच हकीगत सांगितली जाते. गोरोबाकाकांच्या घरी संत जमले होते. ज्ञानेश्वर, नामदेव, मुक्ताई सगळे होते. कोपऱ्यात कुंभाराचे थापटणे पडलेले पाहून मुक्ताईने विचारले, हे काय? काकांनी सांगितले, याने थापटून मडके पक्के की कच्चे ते कळते. मग आमचीही मडकी पाहा, असे मुक्ताईने म्हणताच काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत परीक्षा सुरू केली. सगळे शांत बसले. नामदेव तेवढे संतापले, आणि हे मडके कच्चे, असा निर्णय झाला. ही कथा आपण एरवी नामदेवांच्या अहंकाराची म्हणून ऐकतो. आमचे लक्ष तिच्यातील दुसऱ्या दोन गोष्टींकडे जाते. परीक्षेचे साधन सर्वांदेखत ठेवलेले होते आणि ते सर्वांना सारखेच लावले गेले. ज्ञानेश्वरांना त्यातून सूट नव्हती. आणि कच्चे ठरलेले नामदेव कायमचे कच्चे राहिले नाहीत. ते विसोबा खेचरांकडे गेले, शिकले, आणि पुढे पंजाबपर्यंत पोचले. कच्चे ठरवणाऱ्या मंडळीतून त्यांना कोणी उठवून दिले नव्हते.

तगरचा वाद फळला तोही याच कारणांनी. विल्फर्ड चुकला, पण त्याने ग्रीक लेख आणि ठाण्याचा ताम्रपट शेजारी ठेवले, म्हणून प्रश्न निर्माण झाला. भगवानलालांचे त्रिगिरि टिकले नाही, पण त्यांच्या चुकीमुळेच दिशेचा मुद्दा ऐरणीवर आला. भांडारकरांचे धारूर टिकले नाही, तरी पैठणच्या पूर्वेकडील मुलुखात शोधा, हे त्यांचे सांगणे टिकले. एकाचा चुकीचा तर्क पुढच्याच्या कामास आला. यांपैकी कोणी आपले मत मागे घेण्यास कमीपणा मानून हटून बसला असता, किंवा इतरांनी त्याच्या एका चुकीसाठी त्याचे सगळेच म्हणणे फेकून दिले असते, तर तेरपर्यंत पोचण्यास आणखी शंभर वर्षे लागली असती. आपल्या रोजच्या वादांना न्यायशास्त्र शिकवण्याची गरज नाही. 'काय सापडले तर तुम्ही आपले मत बदलाल?' हा एक प्रश्न दोन्ही बाजूंनी आरंभीच एकमेकांना विचारला तरी पुष्कळ काम होईल. ज्याच्यापाशी याचे उत्तर नाही त्याच्याशी गप्पा माराव्यात, वाद घालू नये.

शेवटी एका न सुटलेल्या प्रश्नाचा उल्लेख करतो. १९३८ साली इटलीत पॉम्पेई येथील उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोचलेली होती. ती भारतीय आहे हे उघड होते. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले, पुढे यक्षी किंवा नुसती शृंगारलेली स्त्री म्हणणारेही निघाले. ती आरशाची मूठ होती की एखाद्या चौरंगाचा पाय, यावरही मतभेद आहेत. तिचे माहेर म्हणून आरंभी मथुरेकडे पाहिले गेले. पण तिच्याशी निकटचे साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरला मिळालेली आहे आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही तसे काम आढळले आहे. तेव्हा ती मराठवाड्यातल्या कारागिराच्या हातची असावी, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. तिच्या बैठकीवर वायव्येकडील खरोष्ठी लिपीतले अक्षर कोरलेले आहे, म्हणून तसे न मानणारेही आहेत. मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे, तिची बहीण तेरच्या संग्रहालयाची. ढोकीच्या स्थानकावर उतरून वाट वाकडी करणाऱ्या वाचकाने ती पाहावी, खरोष्ठी अक्षराचा आक्षेप मनात ठेवावा, आणि मग हवा तो पक्ष घ्यावा.